कुलंगचं पाणी कुठं जातं? सांदण दरी ते नांदूर मध्यमेश्वर

पहिला दिवस : नाशिक ते साम्रद

नाशिककर साम्रद गावाजवळच्या सांदण दरीला जातात ते बहुधा पहाटे निघून, दुपारपर्यंत दरी उरकून, रात्री घरी परत. आम्हाला तसं करायचं नव्हतं. ताई, भाऊजी, भाची आणि मी असे चौघं होतो. भाची भूशास्त्र शिकते. तिने टेबलावर नकाशा पसरला आणि कळसूबाईच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, या रांगेवर पडलेला पाऊस कुठंकुठं जातो ते बघत जाऊ." सगळी सहल तिथेच ठरली. आधी दरी, मग रतनवाडी आणि सिन्नरची जुनी देवळं, आणि शेवटी गोदावरीतली नांदूर मध्यमेश्वरची बेटं.

जानेवारीचा महिना होता. सकाळी मिसळ खाऊन निघालो. मुंबई हायवे सोडून घोटीत वळलो, भाताच्या गिरण्या मागे पडल्या आणि उजव्या हाताला डोंगर उभे राहिले : कुलंग, मदन, अलंग आणि पुढे कळसूबाई. 1646 मीटर उंचीची कळसूबाई म्हणजे राज्याचा माथा, त्यामुळे गाडीतल्या सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या. भाचीचं लक्ष मात्र कुलंगवर होतं. दारणा नदी कुलंगच्या कुशीतून निघते. म्हणजे या रांगेच्या आमच्या बाजूला पडलेलं पाणी दारणेत जातं, दारणा गोदावरीला मिळते. बारीची खिंड ओलांडली की नाशिक जिल्हा संपून अहिल्यानगरचा अकोले तालुका लागतो आणि पाण्याची दिशाही बदलते. खिंडीपलीकडचा थेंब प्रवरेचा. प्रवरासुद्धा गोदावरीलाच मिळते, पण कितीतरी पुढे, नेवाशाजवळ प्रवरासंगमला. इथे एका खिंडीने तोडलेली ही दोन पाणी तिथे पुन्हा एकत्र येतात.

शेंडीला वन्यजीव खात्याच्या नाक्यावर पावती फाडली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेंडीचं धरण म्हणजेच भंडारदरा. 1910 साली काम सुरू झालं आणि 1926 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. शंभर वर्षांची दगडी भिंत अजून प्रवरेचं पाणी अडवून धरते. तिथे फार रेंगाळलो नाही. मुरशेत, पांजरे, उडदावणे करत जलाशयाच्या कडेकडेने घाटघर गाठलं.

घाटघरच्या कड्यावर मात्र तासभर थांबलो. पायाखाली जमीन तुटते ती थेट कोकणात. इथे 250 मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. एक धरण वर, एक खाली कोकणात. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. निसर्गाने घाटमाथ्यावर आखलेली पाण्याची हद्द माणूस इथे रोज ओलांडतो, तीही दोन्ही दिशांनी. मला हे धरणांच्या नेहमीच्या कौतुकापेक्षा मोठं वाटतं, आणि कोकणकडा बघून फोटो काढून परतणाऱ्या गर्दीला त्याचा पत्ताही नसतो.

मुक्काम साम्रदला, एका घरी. नाचणीच्या भाकरी, पिठलं, लाल मिरचीचा ठेचा आणि वाफाळता भात. घराच्या मागच्या भिंती अजून कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. उद्या आम्हाला दरीत नेणारे गावातले वाटाडे, ज्यांना सगळे मामाच म्हणत होते, रात्री ओट्यावर येऊन बसले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भाऊजींना : "सर, गुडघे कसे हायेत?"

दुसरा दिवस : सांदण

थंडी कडाक्याची होती, तरी साडेसहाला निघालो. गावातून दरीचं तोंड फार लांब नाही. भाताची रिकामी खाचरं, थोडी झाडी, आणि अचानक समोरची जमीन चिरलेली दिसते. मागे वळून पाहिलं तर रतनगडाचा खुटा, म्हणजे त्याचा सुळका, उजळला होता. बाणसुळका आणि आजोबाचा पर्वत अजून निळसर.

दरीला चढून जायचं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळतो. आपण सपाटीवर उभे असतो आणि दरी आपल्या पायांच्या खाली असते. कडेचा झरा आहे तिथे बाटल्या भरल्या आणि दगडांवरून उतरायला लागलो. बघता बघता दोन्ही बाजूंच्या भिंती वर गेल्या, दोनशे-तीनशे फुटांपर्यंत, आणि आभाळाची नुसती पट्टी राहिली. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतील इतकी चिंचोळी वाट. सूर्य इथे ऐन दुपारी थोडा वेळ डोकावतो, बाकी दिवसभर सावली. दगडाचा गारवा बुटांच्या तळातून वर चढतो.

एका वळणावर भाची थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक पसरलेले. दरीत उभं राहिलं की ते थर वाचता येतात. एक घट्ट, काळाभोर. त्यावर एक जाळीदार, भोकाभोकांचा, कारण लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्यावर पुन्हा घट्ट. खडकात उभी भेग होती. पावसाचं पाणी त्या भेगेत शिरलं, वाहिलं, दगडगोटे सोबत घेऊन घासत राहिलं आणि भेगेची दरी झाली. वरून कोसळलेल्या एका धोंड्यात मुठीएवढी पोकळी होती. आत पांढरे बारीक स्फटिक, सुयांसारखे, एकमेकांना टेकून उभे. टॉर्च मारला तर सगळी पोकळी चमकली. "झिओलाइट," भाची म्हणाली आणि तसाच हात मागे घेतला. ताईला एखादा तुकडा घरी न्यावासा वाटला होता, पण मामांनीच मान हलवली. हे स्फटिक नाशिक परिसराची खासियत आहेत. ते बघायचेच असतील तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. दरीतला दगड दरीतच राहू द्यावा.

पुढे पाण्याचे दोन डोह लागतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर दुसऱ्या डोहात छातीपर्यंत पाणी असतं. आम्हाला पहिल्यात गुडघाभर आणि दुसऱ्यात मांडीपर्यंत लागलं. पाणी इतकं गार की पहिल्या पावलाला श्वास अडकतो. मामांनी बूट काढू दिले नाहीत. तळाशी शेवाळलेले गोटे असतात, अनवाणी पाय घसरतो आणि घोटा मुरगळला तर इथून उचलून न्यायलाही जागा नाही. मोबाइल, कॅमेरा आणि कोरडे मोजे त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्वतःच्या डोक्यावर घेतले, आणि ताईचा हात धरून तिला पाण्यातून असं पार नेलं की ताई पलीकडे पोचल्यावरच घाबरली.

डोहांनंतर धोंड्यांचं राज्य. घराएवढे धोंडे, त्यांच्यावर धोंडे, आणि वर एके ठिकाणी दोन्ही भिंतींच्या मधोमध अडकलेली एक अजस्र शिळा, जिच्या खालून जावं लागतं. प्रत्येक जण तिच्याखालून जाताना आपोआप गप्प होतो आणि पावलं उचलतो. मामा म्हणाले, "ही आमच्या आज्यानं पन अशीच पाहिली." तरीही हेल्मेट घालाच. शिळा पडत नाही, पण वरच्या कड्यावरून माकडं पळाली तरी दगड सुटतात. कपारींत आग्या मोहोळं असतात, त्यामुळे आरडाओरडा नको, अत्तर नको, धूर तर नकोच. स्पीकर लावून दरीत उतरणारी टोळकी आम्हाला भेटली. दरीत एका माणसाचं बोलणं चार पटीने घुमतं, तिथे स्पीकरची गरज कुणाला पडते हे मला समजत नाही. मामांनी जाऊन समजावलं आणि त्यांनी तो बंद केला, हेही सांगायला हवं.

सुमारे दीड-दोन तासांनी दरी एकदम संपते. म्हणजे वाट संपते, दरी खाली उडी घेते. इथून पुढे दोर लावून टप्प्याटप्प्याने उतरत कोकणात डेहणे गावाकडे जाता येतं आणि करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येता येतं. ते काम दोराची साधनं, अनुभवी माणसं आणि पूर्ण दीड-दोन दिवस असलेल्यांचं. आम्ही त्या कड्याच्या अलीकडे बसलो, भाकरी-चटणी सोडली आणि खाली कोकणाकडे पाहत बसलो. या दरीत पडलेलं पाणी गोदावरीचं नाही. ते इथून उडी मारून कोकणात जातं आणि अरबी समुद्र गाठतं. तिकडे कुलंगच्या पलीकडचा थेंब नाशिक जिल्ह्यात, रतनगडाच्या अंगावरचा थेंब प्रवरेत, आणि हा सांदणचा थेंब पश्चिमेला. कालचा नकाशा आता खरा झाला.

पावसाळ्यात इथे काय होतं ते मामांनी सांगितलं. वरच्या सगळ्या पठाराचं पाणी एकाच वेळी या फटीत येतं. दरीत असलेल्या माणसाला वर पाऊस लागलाय हे कळतही नाही आणि पाणी येऊन आदळतं. बाजूला चढायला भिंतीत जागा नाही. "पाऊस लागला की आमी जनावरं पन इकडं येऊ देत नाय." जून ते सप्टेंबर दरीत उतरू नये. ऑक्टोबरातही आभाळ भरलं असेल तर गावातल्या माणसाचं ऐकावं आणि माघारी फिरावं.

परतताना धोंडे चढायचे असतात, म्हणून येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भाऊजींच्या गुडघ्यांनी साथ दिली.

तिसरा दिवस : रतनवाडी आणि सिन्नर

साम्रदहून रतनवाडी जवळच आहे. अमृतेश्वराचं देऊळ गावाच्या कडेला, रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ. देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. देवळाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून वाट आहे, हे वेगळेपण लगेच जाणवतं. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या माळा वरपर्यंत चढत गेलेल्या, मध्ये जाळीच्या नक्षीचे पट्टे. दगड तोच, काल दरीत हाताला लागलेला काळा बसॉल्ट. दरीत पाण्याने कापला, इथे छिन्नीने.

गाभारा खोल आहे आणि पावसाळ्यात पिंडीवर पाणी चढतं. देवळाजवळच्या पुष्करणीत आम्ही जास्त वेळ घालवला. चौकोनी दगडी कुंड, उतरायला पायऱ्या, भिंतींत कोनाड्यांची रांग आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. शिवाच्या दारात विष्णूचं तीर्थ. गावातल्या एक आजी हंडा भरायला आल्या होत्या. ताईने त्यांना विचारलं, पाणी बारमाही असतं का? "उन्हाळ्यात खाली जातंय, पन आटत नाय बाई." उन्हाळ्यात याच जंगलात काजवे येतात आणि मे-जूनमध्ये रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शांत देऊळ पाहायचं तर तो काळ टाळा.

रतनगडावर या वेळी चढलो नाही. पुढचा रस्ता लांबचा होता. राजूर, अकोले, संगमनेर करत दुपार कलताना सिन्नरला पोचलो.

सिन्नर आज औद्योगिक वसाहतीमुळे माहीत आहे, पण देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी इथे होती. गोंदेश्वर त्यांच्याच काळातलं, बाराव्या शतकातलं. हे पंचायतन आहे : मधोमध शिवाचं मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची छोटी देवळं, सगळी एका मोठ्या जोत्यावर. रतनवाडीच्या शिखरावर जी रचना सुरुवातीला दिसते, ती इथे पूर्ण फुललेली आहे. भूमिज शैलीची शिखरं म्हणतात ती ही. सकाळी अमृतेश्वर आणि संध्याकाळी गोंदेश्वर पाहिलं की मधल्या काही पिढ्यांत पाथरवटांचा हात किती सरावला ते डोळ्यांना दिसतं. वेगवेगळ्या वर्षी पाहिली असती तर मला ते कळलं नसतं. म्हणून या दोन देवळांची जोडी एकाच दिवसात करा, असं मी कुणालाही आग्रहाने सांगेन.

गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथे मकराचं तोंड कोरलं आहे. ताई त्याच्याजवळ बसली आणि मकराचे दात, गालावरची वळलेली नक्षी यांवर तिने बोट फिरवलं. काही दगड झिजलेत, मूर्तींचे चेहरे पुसट झालेत, छोट्या देवळांची पडझड झालेली आहे. तरी रोज संध्याकाळी गावातली माणसं इथे येऊन बसतात, मुलं अभ्यासाची पुस्तकं घेऊन जोत्यावर टेकतात. पुरातत्त्व खात्याचं कुंपण आहे, पण देऊळ गावापासून तुटलेलं नाही. ऐश्वर्येश्वराचं छोटं देऊळही सिन्नरातच आहे. त्याचं तोरण बघायला विसरू नका.

चौथा दिवस : नांदूर मध्यमेश्वर

रात्री सिन्नरलाच राहिलो आणि अंधारात निघालो. चापडगावला पोचलो तेव्हा धुकं पाण्यावरून हळूहळू सरकत होतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला. बंधारा सिंचनासाठी होता आणि आजही त्याचे कालवे चालतात. पण नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे शंभर वर्षं साचत गेला. पाणी उथळ झालं, दलदल झाली आणि पात्रात बेटं तयार झाली. त्या बेटांवर पाणकणीस वाढलं, बाभळी उगवल्या आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ. राजस्थानातल्या पक्ष्यांच्या भरतपूरवरून महाराष्ट्राचं भरतपूर अशी याची ओळख आहे, पण मला ती तुलना नको वाटते. नांदूर हे नांदूरच आहे.

दारणा गोदावरीला दारणासांगवीला मिळते, ते गाव इथून वरच्या अंगाला. म्हणजे समोरच्या बेटांच्या मातीत कुलंगची मातीही आहे. भाचीने हे मनोऱ्यावर उभं राहून सांगितलं तेव्हा आमच्यासोबतचे गाइड काका तिच्याकडे बघतच राहिले. "आम्ही पक्षी मोजतो पोरी, तू तर गाळ मोजतेस."

धुकं उठलं तसा आवाज वाढला. आधी वारकरी दिसले, शेकड्यांनी, काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाकांच्या जोड्या. लांब पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चालत होते. चित्रबलाक एका बेटावरच्या बाभळीवर. काकांची दुर्बीण तिकाटण्यावर होती, तिच्यातून एक जांभळी पाणकोंबडी अगदी हाताच्या अंतरावर आली. निळसर जांभळं अंग, लाल चोच, लाल कपाळ. तिने पाणकणसाचा एक देठ उपटला, एका पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरला आणि उभ्या-उभ्या, सोलत सोलत, आतला मऊ पांढरा गाभा खाल्ला. मग दुसरा देठ. आम्ही आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावत होतो आणि तिचं खाणं संपत नव्हतं. तेवढ्यात वरून दलदली हारिण हा शिकारी पक्षी फिरला आणि सगळे वारकरी एकमेकांना चिकटून एक काळा गठ्ठा झाले. हारिण दोन घिरट्या मारून निघून गेला तेव्हा गठ्ठा सैल झाला.

बेटांवर जाता येत नाही आणि जाऊही नये. मनोऱ्यांवरून आणि काठावरून बघायचं. पण काळजीच्या गोष्टी काठावरूनही दिसतात. पाणवेली वाढली आहे, शहराकडून येणारं पाणी स्वच्छ नाही. आणि पाण्याची पातळी पक्ष्यांच्या हातात नाही. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक वेळी सोडायचं पाणी, सुटलं, किंवा जायकवाडीसाठी पाणी सोडलं की ते इथूनच जातं, आणि तेव्हा सखल बेटं पाण्याखाली जातात. उथळ पाण्यात चरणारे पक्षी उठून दुसरीकडे जातात. काका म्हणाले, "पाणी उतरलं की येतात परत, पण घरट्यांच्या दिवसांत सुटलं तर वाईट." नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून दरवर्षी भांडण होतं. त्या भांडणात या बेटांच्या बाजूने बोलणारं माणूस असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पाणी कुणालाही मिळो, सोडण्याची वेळ ठरवताना पाणकोंबडीचा विचार व्हावा.

नदीच्या पात्रातल्या मध्यमेश्वराचं दर्शन घेतलं. इथे रामाने मृगरूपी मारीचाला मारलं अशी कथा आहे, मृगव्याधेश्वराचं देऊळही त्यावरूनच.

परतीला सायखेड्याच्या बाजूने चांदोरीला गेलो. चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी देवळं आहेत. नांदूरच्या बंधाऱ्याचा फुगवटा इथपर्यंत येतो, त्यामुळे ती बराच काळ पाण्याखाली असतात. जानेवारीत पाणी भरलेलं होतं. घाटावर धुणं धुणाऱ्या मावशींनी पात्रात हात करून देवळं कुठे आहेत ते दाखवलं आणि म्हणाल्या, "मे महिन्यात या, पाणी उतरल्यावर. पण आधी कुणाला तरी फोन करून आवर्तन कधी हाय ते इचारा, न्हाईतर परत हेलपाटा." भाचीने तिथेच फोनमध्ये मेची आठवण लावली.